सापडलाच, तर पुढे काय?

डेलावेअर हे अमेरिकेतलं आकाराने शेवटून दुसरं राज्य. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासं मोठं, काउंट्या मोजून तीन. २००१ साली तिथे रूथ अ‍ॅन मिनर गव्हर्नर झाल्या. खंडाने जमीन कसणाऱ्या घरातला जन्म, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, बत्तिसाव्या वर्षी वैधव्य आणि पदरी तीन मुलगे. दुसरं लग्न केलं, तर ते पतीही १९९१ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत हे चिमुकलं राज्य तेव्हा देशात वरच्या नंबरांत असायचं. मिनरबाईंनी त्यावर समिती नेमली. समिती नेमणं हे कुठल्याही सरकारचं आवडतं काम, त्यामुळे तेवढ्यावरून कुणी फार आशा धरली नसेल तर नवल नाही. पण या समितीने लोकांची तपासणी करायची म्हटल्यावर मोठ्या आतड्याचा कॅन्सर अग्रक्रमाने हाती घेतला, आणि तिथेच निम्मं काम झालं.

निम्मं काम झालं असं म्हणण्याचं कारण या रोगाच्या स्वभावात आहे. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर एका रात्रीत उगवत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक लहानसा कोंब येतो, त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. काही मात्र हळूहळू वाढत, बिघडत जातात, आणि त्यांचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे दहा वर्षं मुदत मिळते. या काळात दुर्बीण घालून, म्हणजे कोलोनोस्कोपी करून, तो कोंब खुडून टाकला, तर त्याचा कॅन्सर होतच नाही. स्तनाच्या कॅन्सरची मॅमोग्राफी रोग लवकर पकडते. इथे रोग होण्याआधीच थांबवता येतो. आणि झालाच, तरी आतड्यापुरता असताना सापडला तर दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. यकृतात-फुप्फुसात पसरल्यावर सापडला, तर दहातले जेमतेम एक-दोन.

तरीही २०२४ या एका वर्षात अमेरिकेत या रोगाचे सुमारे दीड लाख नवे रुग्ण आणि ५३ हजार मृत्यू होतील असा तिथल्या कॅन्सर सोसायटीचा अंदाज होता. ‘ब्लॅक पँथर’मधला चॅडविक बोझमन २०२० मध्ये याच रोगाने गेला, वय ४३. त्याच्या मृत्यूने एक गोष्ट जगासमोर आली, जी आकडेवारी ठेवणाऱ्यांना कधीची माहीत होती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हा रोग जास्त होतो आणि झाल्यावर ते जास्त संख्येने मरतात. डेलावेअरमध्ये २००२ च्या सुमारास दर लाख लोकांमागे गोऱ्यांत सुमारे २० आणि कृष्णवर्णीयांत ३१ मृत्यू होत होते.

अशा वेळी सर्वांत आधी सुचतो तो उपाय म्हणजे जनजागृती. पोस्टर लावा, पत्रकं वाटा, एखाद्या नामवंताला टीव्हीवर बोलवा. या उपायामागे एक न बोललेली समजूत असते, की लोकांना माहीत नाही म्हणून ते तपासणी करत नाहीत. मला ही समजूत सोयीची वाटते, कारण तिच्यात दोष लोकांच्या डोक्यावर जातो आणि खर्च फक्त छपाईचा येतो. डेलावेअरनेही प्रचार केलाच. पण तिथल्या लोकांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो गरीब माणूस मनातल्या मनात विचारत असतो: तपासणी केली आणि कॅन्सर सापडलाच, तर पुढे काय? विमा नसलेल्या माणसाला अमेरिकेत कॅन्सरच्या उपचाराचं बिल घरदार विकायला लावू शकतं. ज्याचा उपचार परवडणार नाही तो रोग मुद्दाम शोधायला कोण जाईल? न तपासण्याचा त्याचा निर्णय अडाणीपणाचा नसतो, तो हिशेबाचा असतो.

म्हणून त्यांनी हिशेबच बदलला. तंबाखू कंपन्यांनी १९९८ च्या समझोत्यात राज्यांना जो पैसा देऊ केला, त्यातला डेलावेअरच्या वाट्याचा हिस्सा आरोग्यासाठी राखून ठेवलेला होता. त्यातून विमा नसलेल्यांची कोलोनोस्कोपी फुकट झाली. आणि खरी मेख पुढे आहे: कॅन्सर निघाला, तर उपचाराचा खर्चही राज्य उचलू लागलं, दोन वर्षांपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या साडेसहापट ठेवली, म्हणजे विमा नसलेली मध्यमवर्गीय कुटुंबंही आत आली. माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमातली सर्वांत धाडसी ओळ हीच. तपासणी फुकट करणारे पुष्कळ. तपासणीत जे निघेल त्याची जबाबदारी घेणारे विरळा.

दुसरी गोष्ट माणसांची. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात नर्स नेव्हिगेटर नेमल्या गेल्या. ही कल्पना न्यूयॉर्कच्या हार्लेममधली. तिथले सर्जन हॅरॉल्ड फ्रीमन यांच्याकडे बायका स्तनाचा कॅन्सर फार पुढे गेल्यावर यायच्या. फ्रीमन आणि त्यांचे सहकारी कॉलिन मॅककॉर्ड यांनी १९९० मध्ये लिहिलेला एक लेख गाजला होता: हार्लेममधल्या कृष्णवर्णीय पुरुषाला वयाची ६५ वर्षं गाठण्याची जेवढी शक्यता होती, त्याहून जास्त बांगलादेशातल्या पुरुषाला होती. त्याच सुमारास फ्रीमननी हॉस्पिटलात असे वाटाडे नेमायला सुरुवात केली, ज्यांचं काम औषध देण्याचं नव्हतं. फॉर्म भरून देणं, तारीख मिळवणं, आदल्या दिवशी फोन करणं, बाई आली नाही तर का आली नाही ते विचारणं. आपल्याकडे आशाताई गरोदर बाईच्या मागे लागून तिला केंद्रात घेऊन जातात, तसाच हा प्रकार. डेलावेअरच्या नेव्हिगेटर चर्चमध्ये, वस्त्यांत, सामाजिक संस्थांत जाऊन माणसं शोधत, त्यांच्याशी बोलत आणि कोलोनोस्कोपी होईपर्यंत पाठपुरावा करत.

कोलोनोस्कोपीला वाटाड्या कशाला लागतो हे ती ज्याने केली आहे त्यालाच कळतं. आदल्या दिवशी घन आहार बंद. संध्याकाळपासून जुलाबाचं औषध, तेही लिटरच्या हिशेबात, खारट-गुळचट चवीचं. मग रात्रभर संडासाच्या आसपास मुक्काम. एका खोलीत पाच माणसं आणि संडास सामाईक असेल, तर ही रात्र कशी काढायची? दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून घरी न्यायला ओळखीचं सज्ञान माणूस सोबत असल्याशिवाय बहुतेक ठिकाणी तपासणी करतच नाहीत. म्हणजे दोन माणसांचा रोज बुडाला. एकट्या राहणाऱ्या, तासावर मजुरी करणाऱ्या माणसाला फुकट कोलोनोस्कोपीसुद्धा महागच पडते. नेव्हिगेटर फोनवर हेच सोडवत बसते: न्यायला कोण येणार, मुलं कुणाकडे ठेवणार, रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की नाही.

२००२ मध्ये डेलावेअरच्या पन्नाशीपुढच्या गोऱ्यांपैकी ५८ टक्के लोकांनी कोलोनोस्कोपीसारखी तपासणी केलेली होती आणि कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्के. २००९ मध्ये दोन्ही आकडे ७४ झाले. कृष्णवर्णीय रुग्णांत रोग आतड्याबाहेर पसरल्यावर सापडण्याचं प्रमाण ७९ टक्क्यांवरून ४० वर आलं, आणि त्यांचा मृत्युदर ४२ टक्क्यांनी घटला. दरी पूर्ण बुजली नाही, पण तिचा ओढा झाला.

यावर शंका घ्यायला जागा आहे आणि घ्यावीच. तुलनेसाठी बाजूला ठेवलेलं दुसरं डेलावेअर नव्हतं. त्या काळात साऱ्या अमेरिकेतच कोलोनोस्कोपी वाढत होती. शिवाय २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यांनी अनेकांची झोप उडवली: कोलोनोस्कोपीचं आमंत्रण मिळालेल्या गटात दहा वर्षांत कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी झाला, मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही. वर्तमानपत्रांनी ‘कोलोनोस्कोपी निरुपयोगी?’ असे मथळे दिले. आत वाचलं तर कळत होतं, की आमंत्रण मिळालेल्यांपैकी ४२ टक्केच लोक गेले होते. जिथे सरकारी आरोग्यसेवा मोफत किंवा जवळपास मोफत मिळते अशा देशांत ही गत. आमंत्रण पाठवणं आणि माणूस येणं यांत केवढं अंतर आहे, ते या चाचणीने चांगलं मोजून दाखवलं.

ते अंतर कापायचा दुसरा रस्ता म्हणजे माणसाला बोलवायचंच नाही. तपासणीच त्याच्या घरी पाठवायची.

बिघडू लागलेले मोठे पॉलिप आणि कॅन्सर अधूनमधून रक्त गाळतात, डोळ्यांना न दिसण्याइतकं. शौचाच्या नमुन्यात ते शोधता येतं. याची जुनी चाचणी ग्वायॅक नावाच्या झाडाच्या डिंकावर चालायची. मिनेसोटात ४६ हजारांवर लोकांवर ती वापरून पाहिली आणि १९९३ मध्ये जाहीर झालं, की दरवर्षी केली तर या कॅन्सरचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटतात. पण तिचं पथ्य फार. आधी काही दिवस लाल मांस बंद, आणि नमुने एक नाही, तीन वेगवेगळ्या दिवसांचे. तिची जागा आता ‘फिट’ चाचणीने घेतली आहे. हिला पथ्य नाही, नमुना एकच पुरतो.

किट छोट्या पाकिटातून येतं. आत एक कागद असतो, तो कमोडच्या पाण्यावर पसरायचा. बोटाएवढी बाटली असते, तिच्या झाकणाला आतून काडी जोडलेली आणि काडीच्या टोकाला खाचा. त्या टोकाने शौचाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी ओरखडायचं, काडी परत बाटलीत खुपसायची, झाकण ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायचं. मग लेबलवर नमुना घेतल्याची तारीख लिहायची आणि तिकीट लावलेल्या पाकिटात घालून टपालपेटीत टाकायचं. पाच मिनिटांचं काम. यात लोक सर्वांत जास्त चुकतात ते कशात? तारीख लिहायला विसरतात! तारीख नसली तर नमुना किती जुना हे प्रयोगशाळेला कळत नाही, आणि तो बाद होतो. म्हणून काही दवाखाने तारखेच्या रकान्याभोवती ठळक पेनाने गोल काढून पाठवतात, काही जण सूचनांच्या जागी नुसती चित्रं देतात. इंग्रजी न वाचता येणाऱ्यांना याचा फायदा होतोच, पण चष्मा न सापडणाऱ्यांनाही होतो.

अशा पाकिटांची ताकद टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात नीट मोजली गेली. तिथल्या सार्वजनिक हॉस्पिटलाच्या कक्षेतल्या, विमा नसलेल्या लोकांचे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. २०१३ मध्ये निकाल आले. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे डॉक्टरांनी भेटीत आठवण झाली तर सांगण्याने, १२ टक्के लोकांची तपासणी झाली. फुकट कोलोनोस्कोपीचं आमंत्रण आणि फोन केलेल्या गटात सुमारे २५ टक्के. घरी फिटचं किट पाठवलेल्या गटात जवळजवळ ४१ टक्के. वस्ती तीच, गरिबी तीच, ‘जागृती’ही तेवढीच, फरक पडला तो पाकिटाने.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी दवाखान्यांतला प्रयोग मला त्याहून मजेदार वाटतो, कारण तो डॉक्टरांच्या अहंकाराला चिमटा काढतो. लॅटिनो, चिनी, कृष्णवर्णीय असे सुमारे हजार लोक. काहींना डॉक्टरांनी फक्त कोलोनोस्कोपी सुचवली, ‘सर्वांत उत्तम’ म्हणून. काहींना फक्त शौचाची चाचणी. काहींना म्हटलं, दोन्हींपैकी तुम्हाला पटेल ती करा. फक्त कोलोनोस्कोपी सांगितलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी ती केली. बाकी दोन्ही गटांत ६७ आणि ६९ टक्के. सर्वोत्तम तपासणीचा आग्रह धरून अनेकांना कुठलीच तपासणी न करण्याकडे ढकललं जात होतं.

आणि काही ठिकाणी चाचणीच माणसांना जुळत नव्हती. अलास्कातल्या मूळ रहिवाशांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. म्हणून त्यांची तपासणी देशातल्या नियमाप्रमाणे पंचेचाळिशीला नव्हे, चाळिशीलाच सुरू करतात. त्यांच्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराला सूज येऊन रक्त झिरपण्याचं प्रमाणही मोठं. ग्वायॅकची चाचणी रक्त कुठलंही असो, हो म्हणायची. त्यामुळे जठराच्या रक्तापायी शेकडो मैलांवरून माणसाला कोलोनोस्कोपीसाठी विमानाने आणायची पाळी. फिट चाचणी मानवी हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन शोधते. जठरातून आलेलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, म्हणून चाचणीत दिसतं ते बहुतेक मोठ्या आतड्यातलंच. रसायनशास्त्रातला एवढासा फरक, पण ज्या गावांना रस्ताच जात नाही तिथे तो विमानाच्या तिकिटाएवढा मोठा ठरतो. तिथल्या आरोग्य संस्थेने हवा भरून उभं करायचं एक अवाढव्य आतडंही बनवलं आहे, ‘नोलन द कोलन’ नावाचं. गावच्या मेळाव्यात ते मांडतात, पोरं आणि आज्या त्यातून चालत जातात आणि भिंतीवरचे पॉलिप बोट लावून बघतात. आधी मी पोस्टरांची टर उडवली, पण या आतड्यापुढे मी हात टेकतो. ज्या विषयावर घरात कुणी बोलत नाही, त्यात शिरून हसता आलं की निम्मी लाज गळून पडते.

न्यूयॉर्कमध्ये हीच लाज न्हाव्याच्या दुकानात मोडली गेली. अनेक कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरकडे फारसे जात नाहीत, पण केस कापायला नियमाने जातात. तिथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी गाठून पुढे फोनवर पाठपुरावा केलेल्या पुरुषांत तपासणीचं प्रमाण दुप्पट झालं.

हे सगळं एकत्र, वर्षानुवर्षं केलं तर काय होतं? उत्तर कॅलिफोर्नियात कैसर पर्मनेंटे ही संस्था विमाही देते आणि हॉस्पिटलंही चालवते. तिने २००६ नंतर ज्यांची तपासणी राहिली आहे अशा प्रत्येक सभासदाला दरवर्षी फिटचं किट पाठवायला सुरुवात केली. मागायची गरज नाही, विसरायची सोय नाही. तिथे २००० साली कृष्णवर्णीयांपैकी ४२ टक्क्यांची तपासणी वेळेवर होती. २०१९ मध्ये ८० टक्क्यांची. गोऱ्यांचे आकडे ४० आणि ८३. दोन्ही गटांच्या मृत्युदरांतला फरक लाखामागे सुमारे २२ होता, तो दोनच्याही खाली आला. वंशाचा गुण, खाण्यापिण्याच्या सवयी, नशीब असं जे जे कारण त्या दरीमागे सांगितलं जायचं, त्यातलं बरंचसं टपालाने मिटलं. पण ही सगळी विमा असलेली माणसं, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे या रोगाचं प्रमाण अमेरिकेच्या मानाने पुष्कळ कमी आहे. सरकारच्या तपासणी मोहिमेत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही, आणि आजच्या घडीला ते योग्यच म्हणावं लागेल. किट घरोघर वाटण्याचा खर्च इथे दुसऱ्या कामी येईल. आपली अडचण वेगळी आहे. शौचातून रक्त गेलं की महाराष्ट्रात निदान आधीच ठरलेलं असतं: मूळव्याध. एसटी स्टँडच्या भिंतीपासून ट्रेनच्या डब्यापर्यंत ‘बिनाऑपरेशन, खात्रीशीर’ इलाजाच्या जाहिराती त्याला खतपाणी घालतात. बहुतेकदा ती मूळव्याधच असते, हेही खरं. पण पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला रक्त जातंय, पोट साफ होण्याची रीत बदलली आहे, वजन उतरतंय किंवा उगाच हिमोग्लोबिन घसरलंय, तर आतून बघितल्याशिवाय मूळव्याधीचा शिक्का मारू नये. अशा माणसाला फिट चाचणीही नको, ती लक्षणं नसलेल्यांसाठी आहे. त्याने थेट पोटविकारतज्ज्ञाकडे जावं. आणि न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला पंचेचाळिशीत डॉक्टरांकडून किट आलं, तर ते ‘नंतर बघू’ म्हणून बाथरूमच्या कपाटात ठेवू नये. २०२१ पासून तिथे सुरुवातीचं वय पन्नासवरून पंचेचाळीस केलं आहे.

पाकिटाची एक गोम आहे, ती सांगायलाच हवी. फिट ‘पॉझिटिव्ह’ आली तर कोलोनोस्कोपी करावीच लागते, नाहीतर आधीच्या साऱ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. ती दहा महिन्यांपलीकडे लांबली तर कॅन्सर निघण्याचा आणि तो पुढच्या टप्प्यात असण्याचा धोका वाढतो, हे कैसरच्याच ७० हजार रुग्णांच्या नोंदींतून दिसलं आहे. गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांत मात्र पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांचीच ती वर्षभरात होते. म्हणजे टपालाने वाचवलेली पायपीट इथे पुन्हा समोर उभी राहते: तीच रात्र, तोच सोबती, तोच बुडालेला रोज.

त्यातून विम्याचा एक अजब नियम वर्षानुवर्षं चालू होता. पहिली तपासणी प्रतिबंधक म्हणून फुकट. पण तिच्यात रक्त सापडल्यावर करायची कोलोनोस्कोपी ‘रोगनिदान’ म्हणून धरायची आणि तिच्या बिलाचा वाटा रुग्णाच्या माथी मारायचा. खाजगी विमा कंपन्यांना हे २०२२ च्या मध्यापासून बंद करावं लागलं, आणि म्हाताऱ्यांच्या सरकारी मेडिकेअर विम्याने २०२३ च्या जानेवारीपासून बंद केलं. कोलोनोस्कोपी करताना पॉलिप सापडून काढला तर मेडिकेअर जो हिस्सा रुग्णाकडून घेते, तो टप्प्याटप्प्याने कमी होत २०३० मध्ये शून्यावर येणार आहे. विमाच नसलेल्यांना यातलं काहीच लागू होत नाही. त्यांच्यासाठी डेलावेअरसारखी एखादी तिजोरी लागते, नाहीतर एखादा पोटविकारतज्ज्ञ महिन्याकाठी काही तपासण्या फुकट करून देतो त्या यादीत नंबर लागावा लागतो. फोर्ट वर्थ ज्या टेक्सासमध्ये आहे, तिथे विमा नसलेल्यांचं प्रमाण साऱ्या देशात सर्वाधिक आहे.